व्यापारातील फूल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांला केली, तेव्हा 'व्यापार आणि सचोटी' हा विषय सुचविला होता. विषय थोर आहे यात संशय नाही. परंतु त्यावर या व्यासपीठावरून आजवर इतकी भाषणे झाली आहेत की, सचोटीचा आपला साठा वाढला असो वा नसो, भाषणांचा मात्र खात्रीने वाढला आहे. म्हणून आम्ही चिटणीसमहाशयांना विनंती केली की, आम्हांला फुलांविषयी बोलू द्यावे. चिटणीस हसले. "पूजेच्या फुलांविषयी काय?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "पेढीवरच्या फुलांविषयी."

त्याचे कारण असे. गेल्या दिवाळीपूर्वीच्या सभेत आपल्या तरुण सभासदांनी एक सूचना मांडली होती. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील आपल्या व्यापारी बंधूंनी वर्गणी काढावी, आणि पाडव्याच्या दिवशी सरकारी कचेऱ्यांतील अधिकारी, बँकांचे व कारखान्यांचे व्यवस्थापक यांच्याकडे एकसारखे मोठे पुष्पगुच्छ पाठवावेत, अशी ती सूचना. एक वयोवृद्ध गृहस्थ तत्काळ उठून म्हणाले की, ही झाकलेली लाच आहे. त्यावर एका तरुणाने उत्तर दिले, "फूल तीन दिवसांत सुकते. जे सुकते त्याला लाच कसे म्हणावे?" सभेत हशा पिकला आणि विषय तसाच राहिला. आम्ही त्या दिवशी गप्प बसलो. दोघांचेही म्हणणे आम्हांला अर्धे अर्धे पटत होते, आणि त्या दोघांच्या मध्ये उभे राहण्याचे धैर्य त्या सायंकाळी आमच्या अंगी नव्हते. ते आज एकवटून आलो आहोत.

सभागृहात येताना दाराशी आपणां प्रत्येकाच्या हाती पळसाच्या पानाची एक लहानशी पुडी देण्यात आली. तीत मोगऱ्याच्या कळ्या आहेत. कित्येकांनी ती खिशात टाकली, काही भगिनींनी कळ्या केसांत खोवल्या, एकदोघांनी प्रसाद समजून कपाळाला लावली. ती पुडी कोठून आली, हे शेवटी सांगू.

आमची पेढी शहापूरच्या बाजारपेठेत, भाताची. आमच्या बालपणी या प्रदेशाचा व्यापार मुख्यतः दोन गोष्टींवर चाले: एक भात आणि दुसरे गवत. भात गिरणीत भरडून कल्याणकडे जाई, आणि वासिंद-आसनगावच्या वखारींतून दाबलेल्या गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे जात. व्यापार धुळीचा आणि कोंड्याचा. त्यात फुलाचे काय काम, असे कोणासही वाटावे. परंतु फुलावाचून त्या पेढीचा दिवसच सुरू होत नसे. पहाटे फुलवाला दाराच्या कडीला फुलपुडी अडकवून जाई. तीत दोन जास्वंदी, चार झेंडू, तुळशीची मंजिरी आणि दूर्वांची जुडी. आमचे तीर्थरूप गादीवर बसण्यापूर्वी देवाला, तिजोरीला, वहीला आणि तराजूला फूल वाहात. तराजूचे फूल नेहमी दांडीच्या मध्यावर, दोऱ्यात अडकवून. पारड्यात कधी ठेवीत नसत. एकदा आम्ही कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पारड्यात ठेवले तर त्याचेही वजन होईल."

दसरा आणि पाडवा हे पेढीचे दोन मोठे दिवस. दसऱ्याच्या तोरणात आमच्याकडे झेंडू आणि आंब्याची पाने असतातच, पण त्याशिवाय कुरडूची फुले आणि नव्या हळव्या भाताच्या लोंब्या असाव्या लागतात. घाटावरच्या मंडळींना याचे नवल वाटते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या चोपडीची पूजा होई, आणि दुसऱ्या दिवशी येईल त्या प्रत्येक आसामीला पानसुपारी, अत्तराचे बोट आणि एक फूल. मालाचा मोठा खरेदीदार असो वा पाच पायली भाताचा देणेकरी असो, फूल एकच. त्या दिवशी उधारीचा शब्द कोणी काढावयाचा नाही, असा पेढीचा दंडक होता. हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला सुरू होते, आणि चोपडीची जागा संगणकाने घेतली आहे; तरी लक्ष्मीपूजनाला त्या यंत्राच्या डोक्यावर झेंडू ठेवणारी दुकाने आपल्या पेठेत आजही आहेत, हे आपण जाणताच.

आता आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. सांगताना आजही संकोच वाटतो.

डोळखांबच्या बाजूचे एक ठाकूर गृहस्थ तीर्थरूपांच्या तरुणपणापासून आमच्या पेढीचे आसामी होते. शेती थोडी, पण माणूस टापटिपीचा; भात निवडून, वाळवून आणणारा. दरवर्षी दसऱ्याला सकाळी ते पेढीवर येत. हातात टोपली, टोपलीत परसातले झेंडू आणि वर हळव्या भाताच्या ओल्या लोंब्या. ते टोपली गादीजवळ ठेवीत. तीर्थरूप उठून उभे राहात, टोपली स्वतः उचलून घेत, तिच्यातल्याच फुलांनी आणि लोंब्यांनी पेढीचे तोरण होई. मग त्यांना नारळ, पानसुपारी आणि घरात नेऊन जेवण. हा परिपाठ किती वर्षे चालला होता, ते आम्हांस ठाऊक नाही. आम्हांला कळू लागले तेव्हापासून तो होता.

१९९१ च्या दसऱ्याला तीर्थरूप आजारी म्हणून घरी होते आणि गादीवर आम्ही होतो. नवा कारभार, नवा उत्साह. दुकानात खरेदीची गर्दी. ते गृहस्थ आले, त्यांनी टोपली ठेवली. आम्ही बसल्या जागेवरून गल्ल्यातली दहा रुपयांची नोट काढून त्यांच्यापुढे धरली. त्या दिवशी बाजारात झेंडूला भाव होता, म्हातारा लांबून आला आहे, त्याचे नुकसान होऊ नये, अशीच आमची बुद्धी होती. वाईट हेतू नव्हता, हे शपथेवर सांगतो. त्यांनी नोटेकडे पाहिले आणि म्हणाले, "धाकले शेट, फुलांचं काय पैसं घ्यायचं?" आम्ही हसून नोट त्यांच्या हातात कोंबली. ते काही बोलले नाहीत. ती नोट त्यांनी शेजारच्या तराजूच्या पारड्यात ठेवली, टोपली तेथेच राहू दिली, आणि निघून गेले.

सायंकाळी घरी हा प्रकार आम्ही सहज बोललो. तीर्थरूप बराच वेळ भिंतीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षे तो पाहुणा म्हणून येत होता. तू त्याला फुलवाला केलेस."

त्या वर्षी त्यांचे भात आमच्या पेढीवर आले नाही. मागील बाकी त्यांनी मुलाच्या हाती पै न पै पाठवून दिली. पौष महिन्यात, अंगात कणकण असताना, तीर्थरूप एस्.टी.ने डोळखांबला गेले आणि तेथून पुढे पायी. आम्हांला सोबत नेले, पण बोलावयाचे नाही अशी ताकीद देऊन. त्या घराच्या ओट्यावर कोरा चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, म्हशीची चौकशी झाली. फुलाचा शब्द कोणीही काढला नाही. पुढच्या हंगामात भात पुन्हा आमच्याकडे आले. फुले मात्र आली नाहीत. त्यानंतर कोणत्याही दसऱ्याला आली नाहीत. तीर्थरूप निवर्तले तेव्हा तेराव्या दिवशी ते गृहस्थ आले, आणि परसातल्या झेंडूचा हार त्यांनी तसबिरीला घातला. तो हार आमच्यासाठी नव्हता, हे आम्हांला समजले.

मंडळी, भेटीच्या फुलाविषयी जे काही आम्ही शिकलो ते या एका प्रसंगातून शिकलो. व्यापारात आपण जे जे देतो त्याची कोठेतरी नोंद होते. माल दिला, वहीत चढला. सूट दिली, तीही चढली. दिवाळीला मिठाईचा पुडा दिला, तर घेणारा त्याचे वजन मनातल्या मनात करतो आणि गतवर्षीच्या पुड्याशी ताडून पाहतो. भांडे दिले तर ते वर्षानुवर्षे घरात राहून देणाऱ्याची आठवण देते, आणि आठवणीबरोबर भीडही. फूल तेवढे असे आहे की, ते साठवता येत नाही, पुन्हा विकता येत नाही, आणि त्याची परतफेड करण्याचे बंधन कोणावर पडत नाही. ज्यांच्यामध्ये देण्याघेण्याचा हिशेब चालू आहे अशा दोन माणसांनी एकमेकांना निर्धास्तपणे द्यावी अशी वस्तू आम्हांला तरी दुसरी आढळलेली नाही. आपल्या भाषेने 'फूल ना फुलाची पाकळी' हा शब्दप्रयोग याच अर्थाने घडविला; तो पुढे वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन हिंडणाऱ्या मंडळींनी, आमच्या चिटणीसमहाशयांसह, स्वतःच्या कामी लावला हा भाग वेगळा.

तेव्हा त्या तरुण सभासदाचे म्हणणे येथवर खरे आहे. परंतु वृद्ध गृहस्थांची शंकाही पोकळ नव्हे, आणि याचीही साक्ष आमच्याच पदरी आहे.

काही वर्षांपूर्वी आमचे एका परवान्याचे काम अडले होते. कोणत्या कचेरीत, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. कोणीतरी सल्ला दिला की, साहेबांना भेटावयास रिकाम्या हाताने जाऊ नये. आम्ही ठाण्याहून फुलांची एक मोठी करंडी करवून घेतली. वर गुलाब आणि जर्बेरा, तळाशी सुक्या मेव्याची डबी. डबी ठेवू नये असे मनात येत होते, आणि तरी ठेवली. साहेब जागेवर नव्हते. तेथील कारकुनाने करंडी जवळ ओढली, दोन बोटांनी फुले बाजूस सारली आणि खाली काय आहे ते पाहिले. पाहून पुन्हा फुले पूर्ववत् केली, आणि आम्हांला बसावयास खुर्ची दिली. त्या खुर्चीवर आम्ही अर्धा तास बसलो होतो. आपल्या हातची फुले कोणी अशी बाजूस सारावीत आणि त्यात त्याला काही वावगे वाटू नये, यात दोष त्याचा होता की आमचा, याचा विचार त्या अर्ध्या तासात पुष्कळ झाला.

शासकीय सेवकांनी भेटवस्तू घेण्यावर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी मर्यादा घातलेली आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. २०१७ च्या जुलै महिन्यात तर केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांना कळविले की, पंतप्रधानांच्या दौऱ्यात त्यांना पुष्पगुच्छ देऊ नयेत. द्यावयाचेच तर एक फूल आणि खादीचा रुमाल, अथवा एखादे पुस्तक द्यावे. कोणाचा पक्ष कोणता हा येथे प्रश्न नाही. या सूचनेतही 'एक फूल' शिल्लक राहिले, एवढेच आम्ही पाहतो. जो नियम करावयास बसतो त्यालाही गुच्छ नको वाटतो, फूल नको म्हणवत नाही.

आता दुसरी बाजू, जी आम्हां व्यापाऱ्यांना अधिक कळावयास हवी: हे फूल येते कोठून? आपल्या सभासदांनी पाठवू म्हटलेले पुष्पगुच्छ ज्या जर्बेऱ्याचे आणि गुलाबाचे असतात, ती फुले हरितगृहांतली. तळेगावच्या बाजूला अशा फुलशेतीसाठी मोठी वसाहतच आहे आणि तेथील गुलाब परदेशी जातात. फूल देखणे, देठ लांब, वास नाही. त्याला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याच्या कष्टाचे कोणतेही फूल आदराचेच. परंतु आपल्या दाराशी काय आहे?

शहापूर-मुरबाडच्या माळरानांवर आणि उतारांवर अलीकडे ठिकठिकाणी मोगरा लावलेला दिसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी जो आपल्याच जिल्ह्याचा भाग होता त्या विक्रमगड-जव्हारकडे तर मोगऱ्याने पुष्कळ आदिवासी कुटुंबांना हाताला काम दिले आहे. हे काम कसे चालते ते एकदा पाहून यावे. कळी सूर्य उगवण्यापूर्वी खुडावी लागते. ती पांढरी झालेली हवी पण मिटलेली हवी. उमलली की तिची किंमत गेली, कारण तिने उमलावयाचे ते सायंकाळी, गजरा होऊन कोणाच्या तरी केसांत. घरातली लहानथोर माणसे अंधारात झाडांवर वाकलेली असतात. मग ओल्या फडक्यात किंवा पाटीत भरून कळ्या आसनगाव, आटगाव, खर्डी येथून पहाटेच्या कसारा लोकलने दादरच्या फुलबाजारात. मुरबाडला अजून आगगाडी नाही. तिकडच्या मालाला आधी मोटारीने कल्याण गाठावे लागते आणि तेवढ्याने एक पायरी वाढते. त्याच गाडीत पळसाच्या आणि कुड्याच्या पानांचे भारे घेतलेल्या स्त्रिया असतात. त्या पानांत मुंबईची फुले बांधली जातात. दादरला दिवस चढू लागला की भाव उतरू लागतो. हॉलंड देशात आल्समेर येथे फुलांचा जगातला सर्वांत मोठा लिलाव होतो. तेथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो पहिला त्याला थांबवील त्याचा माल. तेथे त्यासाठी घड्याळासारखे यंत्र आहे; दादरला ते काम साक्षात् सूर्य करतो, आणि शेतकऱ्याला त्याला थांबविता येत नाही.

आणि यातला खेद वाटण्याजोगा भाग असा की, डोळखांबच्या बाजूचा मोगरा आमच्या पेठेवरून, आमच्या दुकानांची दारे उघडण्यापूर्वी, दादरला जातो. आणि आमच्या घरच्या समारंभासाठी आम्ही गजरे कल्याणहून किंवा दादरहून मागवितो. आपण धान्याचे व्यापारी असूनही शेजारच्या गावचा माल दोन वेळा भाडे भरून घेतो आहोत, हे आजवर कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? आमच्याही आले नव्हते.

येथे कोणी म्हणेल की, जर्बेरा परका आणि झेंडू आपला, एवढाच तुमचा आग्रह दिसतो. तसे नाही. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही तो मूळचा अमेरिका खंडातला, मेक्सिकोकडचा, निशिगंधही तिकडचाच. मेक्सिकोत हाच झेंडू नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणासाठी घरोघर आणि थडग्यांवर मांडतात. फुलाला देश नसतो, रीत असते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी पाहुणे येऊ लागले आहेत आणि आपली मुले त्यांच्या स्वागताला उभी असतात, म्हणून हेही सांगून ठेवतो: फ्रान्समध्ये शेवंती ही स्मशानात नेण्याची वस्तू आहे, चीन-जपानात पांढरी शेवंती शोकाची, रशिया-पोलंडकडे जिवंत माणसाला नेहमी विषम संख्येने फुले देतात, सम संख्या अंत्यविधीला. आपल्याकडे असा भेद नाही. जो झेंडू वराच्या मंडपाला तोच तिरडीला. म्हणून पाहुणा शेवंतीचा हार पाहून क्षणभर दचकला तर रागावू नये, आणि शक्य तर त्याला मोगरा द्यावा. पाहुण्यानेही आपली एक रीत शिकण्यासारखी आहे: देवासाठी आणलेले फूल हुंगावयाचे नाही. माणसाला दिलेले मात्र त्याने अवश्य हुंगावे. पुष्कळ साहेबलोक गुच्छ घेतात तो छायाचित्रापुरता धरतात आणि न पाहताच मागे उभ्या शिपायाच्या हाती देतात. त्या फुलाचे सारे प्रयोजन त्या एका क्षणात संपलेले असते.

भगिनींसमोर एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाडव्याला येईल त्या प्रत्येक आसामीला फूल, असे आम्ही मघाशी मोठ्या अभिमानाने म्हणालो. ते पूर्ण खरे नव्हते. आसामींमध्ये काही विधवा स्त्रिया होत्या. नवऱ्यामागे शेत कसणाऱ्या, मुलांना वाढविणाऱ्या, देणे वेळेवर फेडणाऱ्या. त्यांच्या पुढ्यात पानसुपारीचे तबक जाई; फूल जात नसे. कोणी तसे ठरविले नव्हते. ठरविण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. त्याही हात पुढे करीत नसत. आमच्या मातोश्री, ज्या पेढीच्या कारभारात कधी लक्ष घालीत नसत, त्यांनी तीर्थरूप गेल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला फुलांचे तबक स्वतःच्या हाती घेतले, आणि अशा एका बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोघींच्याही कपाळी कुंकू नव्हते. त्या बाईंनी फूल घेतले आणि पदराच्या टोकाला बांधले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे असे परिपत्रक काढले, तेव्हा आम्हांला ते तबक आठवले. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणपत्रिकेत 'सौभाग्यवती' हा शब्द अजून छापला जातो. तो पुढील वर्षी असू नये, अशी सूचना आम्ही या व्यासपीठावरून मांडीत आहोत आणि ती इतिवृत्तात नोंदली जावी.

आता मूळ सूचनेकडे येतो. पाडव्याला वर्गणीतून गुच्छ पाठवावेत काय? आमचे उत्तर असे की, वर्गणीतून पाठवू नयेत आणि पाठवू तर मुळीच नयेत. ज्याला द्यावयाचे त्याच्याकडे स्वतः जावे. दुकानातला नोकर किंवा मोटारसायकलवरचा पोऱ्या आपले नाव छापलेला गुच्छ टेबलावर ठेवून सही घेऊन परततो, तेव्हा तेथे माल पोहोचतो. भेट होत नाही. ज्या कचेरीत आपले काम अडलेले आहे तेथे काम पुरे होईपर्यंत फूलही नेऊ नये. काम झाल्यावर एक न्यावे आणि निमूट परत यावे. खालती काही ठेवू नये. आणि यादीच करावयाची तर ती वरून खाली न करता खालून वर करावी: प्रथम आपल्या गोदामातले हमाल, मग गिरणीवरच्या बाया, मग आपल्याकडे भात घालणारे शेतकरी, मग गिऱ्हाईक, आणि फुले उरली तर साहेब. तीन दिवसांत सुकणारी वस्तू लाच होत नाही, हे त्या तरुण बंधूंचे म्हणणे आम्ही असे पुरे करू इच्छितो: ज्याच्याकडून काहीच मिळावयाचे नाही त्यालाही ती वस्तू आपण देत असू, तर होत नाही.

हल्ली पैसा हातातून हातात जाणे जवळजवळ थांबले आहे. मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव २०१६ च्या डिसेंबरात रोकडीशिवाय व्यवहार करणारे गाव म्हणून देशभर गाजले, तेव्हा आपण कौतुकाने तिकडे पाहिले होते. आता शहापूरच्या भाजीवालीपुढेही तो चौकटीचा पुठ्ठा उभा असतो आणि गिऱ्हाईक दूरध्वनी दाखवून निघून जाते. सोय मोठी झाली. दिवसभरात शेकडो व्यवहार होतात आणि सायंकाळी आठवून पाहावे तर एकाचाही हात आठवत नाही. तेव्हा वर्षातून दोन दिवस तरी काहीतरी हातातून हातात जावे, असे आम्हांला वाटते. ते महाग असण्याचे कारण नाही.

आरंभी पुडीविषयी सांगावयाचे राखून ठेवले होते. त्या ठाकूर गृहस्थांच्या मुलाने आता भाताबरोबर मोगरा लावला आहे. आजच्या मेळाव्यासाठी कळ्या हव्यात म्हणून आम्ही परवा त्याच्याकडे गेलो. ओटा तोच आहे, कोरा चहा तोच. त्याने भाव सांगितला, दादरचा भाव. आम्ही घासाघीस केली नाही. आज पहाटे पुन्हा गेलो तेव्हा बायका कळ्या खुडून परतत होत्या. त्याने तागडीने कळ्या मोजून दिल्या, कागदावर हिशेब लिहिला, आम्ही तेथेच पैसे दिले. निघताना त्याने पाटीतून आणखी एक ओंजळ काढली आणि मोजलेल्या कळ्यांवर टाकली. ती ओंजळ हिशेबात नाही. आम्ही तिचे पैसे विचारले नाहीत; दोन्ही हात पुढे करून ती सावरली, आणि गाडीत बसलो.

दाराशी वाटलेल्या पुड्यांत ती मिसळली गेली आहे. कोणाच्या पुडीत ती आली ते आता सांगता येणार नाही. दिवस मावळला आहे. कळ्या उमलू लागल्या असतील.